सेल काढून ठेवा

सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला निघालो होतो. पिशवीत मल्टिमीटर, शाळेतलं साधं खोडरबर, एक लिंबू आणि चार्ज केलेले दोन सेल. आदल्या रात्री आत्याचा फोन आला होता. "अरे, तुझ्या आतोबांचा कॅमेरा गेला. दुकानात नेला, तर म्हणाले नवीन घ्या."

दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते आणि पोलीस देवाला सलामी देतात. तो फोटो आतोबा दर वर्षी याच छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने काढायचे. आता ते नाहीत. या वर्षी फोटो आत्याला काढायचाय, आणि तोही मोबाइलवर नाही, याच कॅमेऱ्याने.

कासू, नागोठणे, निडी मागे टाकून गाडी रोह्याला पोचली.

आत्याने कॅमेरा हातात दिला. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, लेन्स अर्धी बाहेर आली, पडद्यावर 'बॅटरी बदला' असं आलं आणि सगळं बंद. सेल तर कालच आणलेले. मीटर लावला, प्रत्येक सेल 1.5 व्होल्टच्या पुढे. मग वीज अडते कुठे? कॅमेऱ्याला सर्वांत जास्त वीज लागते ती लेन्स बाहेर ढकलताना. वाटेत कुठे अडथळा असला की नेमक्या त्या क्षणी विजेचा दाब घसरतो आणि कॅमेऱ्याला वाटतं, सेल संपले. आतोबांनी 'संपले' म्हणून काढून ठेवलेले सेल आत्याच्या भिंतीवरच्या घड्याळात महिनोन् महिने चालत. त्याचं कारण हेच, घड्याळाची भूक फारच थोडी.

खालचं झाकण उघडून उजेडात धरलं. दोन सेलना जोडणारी पत्र्याची पट्टी झाकणाच्या आतल्या बाजूला असते. तिच्यावर मिठासारखी पांढरी भुकटी आणि कडेला हिरवट डाग. जुने सेल आत तसेच राहिले होते आणि त्यांना पाणी सुटलं होतं. अल्कलाइन सेलमधून सुटतं ते पाणी क्षाराचं, म्हणून त्यावर आंबट चालतं. इअरबडला लिंबाच्या रसाचा जेमतेम ओलावा लावून पट्टी पुसली, मग साध्या पाण्याच्या बोळ्याने, मग कोरड्या फडक्याने. आतले दोन पत्रे खोडरबरने घासले. रबराचा चुरा आत पडू नये म्हणून कॅमेरा उलटा धरला. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या आपल्या मुलखात कपाटातल्या वस्तूंचे पत्रे काळवंडणारच. त्यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही.

झाकणाच्या कडेला एक बारीक दाता असतो. झाकण बसलं की तो आतला खटका दाबतो, आणि खटका दाबला गेला नाही तर कॅमेरा जागाच होत नाही. कित्येक कॅमेरे एवढ्याशा दात्यापायी भंगारात गेले असतील. आत्याच्या कॅमेऱ्याचा दाता शाबूत होता. यापुढे मात्र स्क्रू खोलायचा नाही, हे मी कळकळीने सांगतो. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते, आणि सेल काढले तरी ती काही काळ तिथेच राहते.

मग माझे चार्जचे निकेल मेटल हायड्राइड सेल घातले. यांच्यावर 1.2 व्होल्टच लिहिलेलं असतं, म्हणून लोक त्यांना कमजोर समजतात. पण एकदम जास्त वीज मागितली की अल्कलाइन सेल दबतो, हे दबत नाहीत.

बटण दाबलं. लेन्स सुर्रकन पूर्ण बाहेर आली आणि पडद्यावर तारीख उगवली, 1 जानेवारी. तारीख सांभाळणारी आतली छोटी बॅटरी रिकामी झाली होती. मोठे सेल आत राहिले की ती हळूहळू भरते. आत्याने चष्मा लावला आणि एकेक बटण दाबत आजची तारीख स्वतः लावली. पहिला फोटो तिने आतोबांच्या रिकाम्या खुर्चीचा काढला. मी काही बोललो नाही.

निघताना तिला एवढंच सांगितलं, आणि तुम्हालाही सांगतो. पालखी झाली की सेल काढून वेगळ्या डबीत ठेवायचे. तारीख पुन्हा लावता येते, गंजलेला पत्रा परत आणता येत नाही. तुमच्या कॅमेऱ्यात चपटी लिथियम बॅटरी असेल तर तीही काढा, अर्धी भरलेली ठेवा. ती फुगली असेल तर दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. कपाटातला कॅमेरा, टॉर्च, वापरात नसलेला रिमोट, सगळ्यांची झाकणं आज सकाळीच उघडून बघा.