दीड लाखांच्या वर्गात शेजारी कोण?

मार्च २०१२ मध्ये एमआयटीने ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ हा आपला अभ्यासक्रम इंटरनेटवर खुला केला. प्रवेश परीक्षा नाही, फी नाही, वयाची अट नाही. शिकवायला अनंत अगरवाल आणि त्यांचे सहकारी. जगभरातून सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नावं नोंदवली. त्यांतल्या साधारण २३ हजारांनी पहिला गृहपाठ हाती घेतला आणि प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना.

या आकड्यांवरून दोन तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत. एकांना त्यात भयंकर गळती दिसते. दुसरे विचारतात, इतका कठीण विषय सात हजार जणांना पार करून देणं कोणत्या प्राध्यापकाला आयुष्यभराच्या नोकरीत जमलं असतं? दोघांचंही खरं आहे. मला त्याहून मोलाचा प्रश्न वाटतो तो हा, की जे पोचले ते कुणाच्या सोबतीने पोचले?

पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या ३४० जणांत मंगोलियातला पंधरा वर्षांचा बत्तुशिग म्यांगनबयार होता. उलानबातरमधल्या या शाळकरी मुलाची गोष्ट जगभर गाजली. गुणवत्ता कुठेही असो, इंटरनेट तिला शोधून काढतं, असा तिचा अर्थ लावला गेला. पण गोष्टीचा दुसरा भाग फारसा सांगितला गेला नाही. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते. हा अभ्यासक्रम शाळेत आणला त्यांनीच, आणि मुलांचा गट जमवला तोही त्यांनीच. त्यांचा एक मित्र अमेरिकेहून प्रयोगाची उपकरणं घेऊन आला आणि मुलांकडून प्रत्यक्ष सर्किटं बांधून घेतली. मुलगा असामान्य होता, यात शंका नाही. पण तो एकटा नव्हता. व्हिडिओ बॉस्टनजवळून येत होता, अडलेलं विचारायला माणूस मात्र त्याच खोलीत होता.

याच अभ्यासक्रमाच्या नोंदी नंतर संशोधकांनी तपासल्या. बाकीच्या गोष्टी सारख्या धरल्या, तर सहाध्यायाबरोबर किंवा विषयाच्या जाणकाराबरोबर प्रत्यक्ष बसून अभ्यास करणाऱ्याचे गुण एकट्याने शिकणाऱ्यापेक्षा जवळपास तीनने जास्त भरत होते. तीन गुण म्हणजे काही मोठी झेप नव्हे. तरीही, एकट्याने घरबसल्या शिकता यावं म्हणूनच उभ्या केलेल्या व्यवस्थेने स्वतःच्या नोंदींतून हे सांगावं, याला वजन आहे.

उलट अनुभव कॅलिफोर्नियात आला. २०१३ मध्ये सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने युडॅसिटी या ऑनलाइन शिक्षण कंपनीच्या मदतीने गणित आणि संख्याशास्त्राचे वर्ग ऑनलाइन चालवले. त्यांत गणितात आधी नापास झालेले विद्यार्थी होते, शाळकरी मुलंही होती. काहींकडे घरी संगणक नव्हता. बीजगणितात जेमतेम पाव विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि प्रयोग थांबवावा लागला. युडॅसिटीचे संस्थापक सबॅस्टियन थ्रन यांच्या स्टॅनफर्डच्या खुल्या ऑनलाइन वर्गात २०११ मध्ये १ लाख ६० हजार जणांनी नावं घातली होती आणि सुमारे २३ हजारांनी तो पूर्णही केला होता. मग सॅन होजेतच काय बिघडलं? स्टॅनफर्डच्या त्या वर्गाला स्वतःहून आलेले लोक होते, शिकायचं कसं हे आधीच शिकलेले. सॅन होजेत ज्यांना आधाराची गरज सर्वांत जास्त होती, त्यांच्यासमोर पडदा ठेवला गेला.

  

खरा धक्का वेगळाच होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपल्या खुल्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या ८३ टक्क्यांकडे आधीच महाविद्यालयीन पदवी निघाली. भारत, ब्राझील, चीन यांसारख्या देशांतून आलेले बहुसंख्य तर तिथल्या सर्वांत सधन, सुशिक्षित मूठभरांतले होते. पुढे २०१९ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या सहा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोक अभ्यासक्रमात एकदाही शिरले नव्हते. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेला लागलेले मात्र जवळपास निम्मे शेवटपर्यंत गेले. दार उघडं होतं, पण उंबरा ओलांडायचं बळ ज्यांच्याकडे आधीपासून होतं, तेच प्रामुख्याने आत गेले.

नुसतं दार उघडून भागत नाही, सोबतही लागते, याची जाण महाराष्ट्राला इंटरनेटच्या कितीतरी आधी होती. नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं ते ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन. पण पहिले कुलगुरू राम ताकवले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ पुस्तकं टपालाने पाठवून काम भागवलं नाही. गावोगावी अभ्यासकेंद्रं काढली, शंका विचारायला माणसं नेमली. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ या संगणक शिकवणाऱ्या उपक्रमाने दुसऱ्या बाजूने हेच केलं: संगणकाचा पडदा इंग्रजीच ठेवला, पण समजावणारा आवाज मराठीत आणला. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलीला आपल्या भाषेतला तो आवाज हीसुद्धा सोबतच आहे. ‘एनपीटेल’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या राष्ट्रीय उपक्रमाच्या रचनेतही महाविद्यालयांत स्थानिक केंद्रं आणि मेंटॉर यांची सोय आहे, शिवाय परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. हा विचार योग्यच आहे.

तो कागदावर राहू नये, एवढीच माझी तळमळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठं एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून घेऊ देऊ शकतात. ४० टक्के म्हणजे पदवीचा मोठा हिस्सा. म्हणून मेंटॉर म्हणून ज्या शिक्षकाचं नाव लागतं, त्याच्या वेळापत्रकात त्या विषयासाठी आठवड्याला निदान दोन तास लिहिलेले हवेत, आणि ते कार्यभारात मोजलेही जायला हवेत. त्या वेळी प्रयोगशाळा उघडी हवी. त्या शिक्षकाने तो अभ्यासक्रम मुलांबरोबर बसून स्वतः पुरा करायला हवा. आणि फुकटचा व्हिडिओ मिळतो म्हणून जी संस्था शिक्षकाची जागा रिकामी ठेवते, तिला ही सवलत मुळीच मिळता कामा नये.