बाळाची सीट पुढे देताना

नव्या बाळाच्या अंगावर पहिलं कापड जुनं घालायचं, ही आपल्याकडची रीत. कुणाच्या तरी धडधाकट लेकराची, धुऊन धुऊन मऊ झालेली अंगडी-टोपडी मागून आणायची. पाळणाही असाच घराघरांतून फिरतो. या देण्याघेण्यात मला फार मोठी श्रीमंती दिसते. म्हणूनच दौंडहून शिरूरला आलेली एक वस्तू पाहून मन अडखळलं.

माझ्या भाचीची मुलगी सात महिन्यांची. दौंडच्या चुलतबहिणीने तिच्यासाठी गाडीत बसवायची लहान मुलांची सीट पाठवली होती. बहिणीची दोन्ही मुलं त्यात बसून मोठी झाली. खांद्यावरचा एक पट्टा विरला होता, म्हणून बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून दप्तराचा पट्टा जोडून घेतलेला. शिलाई इतकी सुबक की कुणीही वाखाणावी. भाची म्हणाली, "मावशी, बघ ना, नव्यासारखी आहे."

त्या सीटमध्ये माया होती, काटकसर होती, कारागिराचा हातही होता. तरीही ती बाळासाठी योग्य नव्हती.

हिशेब साधा आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 10 किलोच्या बाळाचा हिसका 140 किलोच्या आसपास जातो. कांद्याच्या पन्नास किलोच्या जवळजवळ तीन गोण्या. सीटचे पट्टे आणि बकल असा हिसका धरून तपासलेले असतात. दप्तराचा पट्टा चार पुस्तकांसाठी विणलेला असतो, आणि तो जोडणारा दोराही तेवढ्याच कामाचा. हाच हिशेब आईच्या मांडीलाही लागू आहे. "मी घट्ट धरलंय" हे खरं असतं. पण तीन गोण्या क्षणात झेलतील असे हात कुणाचेच नसतात.

शिरूर तालुक्यातल्या शर्यतीच्या घाटात बैलगाडा जुंपताना पाहा. जुपणी कुठे कुरतडलेली दिसली तर जाणता गाडामालक ती तिथेच बाजूला टाकतो. बैलाच्या गळ्याशी दोर कसा बसलाय, हे दोन बोटं घालून पाहतो. ही नजर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती फक्त गाडीच्या मागच्या सीटपर्यंत पोहोचलेली नाही.

ती पोहोचवायला फार शिकावं लागत नाही. पट्टा विरला असेल तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा पट्टा मागवायचा. तो मिळत नसेल तर सीट बदलायची. जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेऊन ठेवायचा, आणि नवा माहितीपुस्तिकेत दाखवलाय तसाच ओवायचा. पीळ राहता कामा नये. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असेल, तर पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावा. तोंड पुढे असेल, तर खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून. पट्टा आवळल्यावर खांद्यापाशी तो चिमटीत धरता आला, तर अजून ढिला आहे. थंडीत जाड स्वेटर आत घालायचा नाही. आधी पट्टा लावायचा, मग वरून पांघरूण. दूध सांडलं तर ओल्या फडक्याने पुसायचं. पट्टा भिजत घालणं, ब्लीच, इस्त्री यांनी धागा कमजोर होऊ शकतो. आणि मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर पुढच्या जागेवर कधीच ठेवायची नाही.

कायदाही आहे. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातल्या कलम 194 ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा अशा सीटविना नेल्यास 1000 रुपये दंड होतो. पण आपल्या भागातली बहुतेक लेकरं मोटारसायकलवरूनच फिरतात, आईच्या ओढणीने बांधलेली. त्यांच्यासाठीही 15 फेब्रुवारी 2023 पासून नियम आहे: चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांवरच्याच्या डोक्याला हेल्मेट, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत उसाच्या हंगामात रात्री जाऊन पाहा. दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर येते. तिथे हा नियम दंडाच्या भीतीने पाळायचा नसतो.

भाचीने दौंडला फोन लावला आणि सहज विचारलं, गाडीला कधी अपघात झाला होता का. बहीण म्हणाली, "दोन वर्षांमागे पाटसजवळ जोरात ठोकली होती. पुढचा भाग गेला. पण सीटला काही झालं नाही, म्हणून नाही सांगितलं."

तिच्या मनात काही वावगं नव्हतं. पण मोठा धक्का खाल्लेल्या सीटची इजा वरून दिसतेच असं नाही, म्हणून ती वापरातून काढायची असते. अंगड्याला असा इतिहास नसतो. सीटला असतो, आणि तो लपून राहिला की त्याची किंमत दुसऱ्याचं बाळ मोजतं.

तुमच्या माळ्यावर अशी सीट असेल, तर देण्याआधी तिच्यावर एक चिठ्ठी बांधा: कधी घेतली, वापराची मुदत कधी संपते, अपघात झाला का, पट्टा बदलला का. यातलं एक उत्तर जरी ठाऊक नसेल, तरी ती देऊ नका. भंगारात टाकतानाही आधी कात्रीने तिचे पट्टे कापा, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या गाडीत पोहोचणार नाही.