वाघ झोपलाय, तरी थांबा

पुण्यात स्वारगेटच्या चौकातला गलका आधी ऐकून घ्या. हॉर्न, एस.टी.च्या घोषणा, रिक्षावाल्यांच्या हाका. कान मिटायची धडपड नको. आता सारसबागेच्या बाजूने चालू लागा. नातवाचा हात धरलाय ना? धरा, पण ओढू नका.

बागेलगतच पेशवे उद्यान. महापालिकेनं इथलं प्राणिसंग्रहालय १९५३ साली सुरू केलं आणि १९५६ मध्ये फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली. आजोबा बरोबर असतील तर त्यांना बोलू द्या. पिंजऱ्यांचा उग्र वास त्यांच्या नाकात अजून असेल. प्राणी आता इथे नाहीत, कात्रजला आहेत. तरी या जागेवर जरा थांबा.

कारण गोष्ट त्याहून जुनी आहे. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना, म्हणजे त्यांचा खासगी प्राणिसंग्रह, पर्वतीच्या पायथ्याशी होता. १७९० च्या नोव्हेंबरात गंगाराम तांबट या चित्रकारानं पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा कागदावर उतरवला. पेशवे तेव्हा सोळा वर्षांचे. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. डोळे मिटा आणि फक्त गंगारामची नजर मनात आणा: कातडीची एक घडी, मग दुसरी. मान हलली की हात थांबतो. पुन्हा सुरुवात. गेंड्यानं काहीतरी करून दाखवावं, अशी त्याची अपेक्षाच नसावी. समोर असणं पुरेसं.

आता सातारा रस्त्यानं कात्रजची बस धरा. (बुधवार सोडून जा; त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.) इथे आधी, १९८६ मध्ये, सर्पोद्यान झालं, १९९९ पासून राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. वाघ आणि तुमच्यामध्ये खंदक आहे, गज नाहीत.

वाघ बहुधा झोपलेला असेल. "झोपलाय, चला," असं कुणीतरी म्हणेलच. शिट्टी वाजेल, टाळ्या वाजतील. तुम्ही कठड्याला टेकून राहा. एक श्वास घ्या, सावकाश सोडा. त्याची बरगडी वर जाते ती पाहा, खाली येते ती पाहा. कान फडफडला? माशी असेल. तुमच्यासाठी नव्हे. इथे मन थोडं खट्टू होतं, ते होऊ द्या. तिकीट आपण काढलंय, त्यानं नाही. आपल्याकडे पाठ करून झोपायला त्याला आपली परवानगी लागत नाही.

मुलं कंटाळतील, पाय आपटतील. रागावू नका. त्यांना एवढंच विचारा: त्याच्या पोटावरचे पट्टे पाठीवरच्या पट्ट्यांसारखेच आहेत का? मोठ्यांनीही उत्तर सांगायची घाई करू नये. फोन खिशातच बरा.

अस्वल, हत्ती, मगर राहून गेली तर राहू द्या. एका दिवसात सगळे प्राणी पाहून व्हायलाच हवेत, हा हट्ट मोठ्यांचाच जास्त असतो.