नवस पाळला जातो, पथ्य का नाही?

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची, म्हणजे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलबाजारासाठी ती गाजलेली आहे, तशीच पाठीत गळ टोचून नवस फेडणाऱ्यांसाठीही. लोखंडी आकडा कातडीतून जातो, तरी माणूस हूं की चूं करत नाही. अशाच एखाद्याला पुढे मधुमेह निघतो, डॉक्टर साखर बंद सांगतात, आणि आठवड्याभरात तो चहाच्या टपरीवर हात टेकतो. आपण त्याला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून मोकळे होतो. मला हे पटत नाही. गळ सोसणाऱ्याकडे निग्रहाची वानवा असेल कशी?

नवसाला दिवस ठरलेला असतो, साक्षीला गाव असतो, आणि एकदा फेडला की माणूस सुटतो. पथ्याला यातलं काहीच मिळत नाही. ते एकट्याने, गुपचूप, मरेपर्यंत पाळायचं. उपासाचं उदाहरण घ्या. एकादशी धरणाऱ्या बाईच्या ताटात कोणी भात वाढत नाही. यजमानीण आधीच विचारून घेते, ‘आज उपास नाही ना?’ साखर वर्ज्य असलेल्याला मात्र ‘घ्या हो, एवढ्याशानं काय होतंय!’ आणि हे एवढंसं दिवसातून चार घरी होतं. देवासाठी सोडलेलं आपण मानतो, देहासाठी सोडलेलं मानत नाही. (उपासाचा साबुदाणा हा निव्वळ पिष्ट, तो रक्तातली साखर भरभर चढवतो, ही गोष्ट वेगळी. इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता उपास धरणंही धोक्याचं.)

साखरेचं खरं वजन कुठे पडतं ते पाहू. टपरीवरचा चहा पातेल्यातच गोड करून उकळलेला असतो. कपाला दोन चमचे धरले, तर चार कपांत चाळीसेक ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली निरोगी माणसालाही दिवसाला पंचवीस ग्रॅमांच्या आत राहिलेलं बरं, असं सुचवलं. त्या चहात गोड खाल्ल्याचा आनंदही नसतो, नुसती सवय असते. जत्रेतली जिलबी निदान जिलबी म्हणून खाल्ली जाते. पूर्वी गोडाला जत्रा, सण, लग्न अशी जागा होती. आता पाच रुपयांच्या पुड्याने रोजच जत्रा केली. म्हणून सगळं गोड आजन्म बंद करण्यापेक्षा त्याला पुन्हा दिवस नेमून द्यावा, असं माझं मत आहे. २०२५ साली पौष पौर्णिमा १३ जानेवारीला होती आणि संक्रांत दुसऱ्या दिवशी. अशा वेळी तिळगूळ आणि जिलबी दोन्ही मागून चालायचं नाही, एक निवडावं लागतं. जिलबी निवडली तर ती भरल्या पोटी, मोजून, आणि त्या जेवणातला भात निम्मा करून. नंतर थोडं चालणं झालं तर साखर कमी उसळते.

भाताचं नाव काढलं की इकडे लोक दुखावतात. शहापूर-मुरबाड हा भातशेतीचा मुलूख. दुपारी भात, रात्री भात, भाकरीही पुष्कळदा तांदळाची. चहा फिका करून समाधान मानणारा माणूस ताटातल्या भाताच्या ढिगाकडे पाहतच नाही. रक्ताला मात्र चमच्यातली साखर आणि पिष्टातून तयार झालेली साखर यांत भेद कळत नाही. गुळाच्या चहाच्या पाट्या लावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं, कारण गूळ म्हणजे मुख्यतः साखरच.

ओढीतही फरक असतो. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याला अचानक घाम फुटला, हात थरथरले आणि गोड हवंसं झालं, तर ते लाडावणं नव्हे. साखर सत्तरच्या खाली गेलेली असू शकते. तेव्हा लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. जेवण टळल्यावर किंवा रात्रभर जागल्यावर येणारी ओढ निराळी. ती वेळेवर जेवल्याने, डाळ-उसळ वाढवल्याने आणि झोपेने बरीच उतरते. चहातली साखर थोडीथोडी कमी केली तर काही आठवड्यांत जीभ त्याला रुळते.

‘आमच्यात सगळे सडपातळ, आम्हाला कुठली साखर?’ हेही ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोंची. एवढुशी असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. शेतात राबून अर्धपोटी राहिलेल्या आईचं मूल पुढे बसून खाऊ लागलं की त्याला मधुमेह लवकर गाठतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागात ८.९ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, शहरांत १६.४. खेडी मागे आहेत, सुरक्षित नाहीत. गोड दुर्मीळ होतं त्या दिवसांचे गोडवे गाताना मी म्हणूनच जरा चाचरतो; ते दुर्मीळ होतं ते शहाणपणाने नव्हे, गरिबीने.

हे सगळं शेवटी स्वयंपाकघरात येऊन ठेपतं. घरातल्या पुरुषाला साखर निघाली की साऱ्या घराचा चहा फिका होतो. बाईला निघाली की तिचा एकटीचा कप वेगळा होतो, आणि तोही तिलाच करावा लागतो. शिवाय उरलेला भात ‘टाकायचा कसा’ म्हणून तीच संपवते, आल्यागेल्याबरोबर घोटभर चहा तीच घेते. तपासणी शिबिरात पथ्याचा कागद तिच्या हाती देऊन तिला परत पाठवण्याने काही साधत नाही. नवऱ्याला आणि सासूला सोबत बसवून, भात कोणी किती वाढायचा आणि कोणी आग्रह करायचा नाही, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायला हवं.