अडवणारे दगड, उतरवणारे दगड

स्वित्झर्लंडमध्ये मध्ययुगीन किल्ले सायकलवरून पाहण्याची उत्तम सोय आहे. खुणेच्या पाट्या लावलेले राष्ट्रीय सायकलमार्ग देशभर पसरले आहेत. पण किल्ला समजतो तो दम लागल्यामुळे. हाब्सबुर्ग किल्ल्याच्या टेकडीवर पायडल मारताना ऊर धपापू लागतो, तेव्हा हजार वर्षांपूर्वी ही जागा का हेरली ते पायांना कळतं. जिनिव्हा सरोवराकाठचा शियाँ किल्ला डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेवर उभा आहे. सॅव्हॉयचे सरदार इथे येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेत. मोटारीत बसून ही अडवणूक उमगत नाही. सिंहगडाच्या चढावर घाम गाळणाऱ्या पुणेरी सायकलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

काशीच्या अहिल्याबाई घाटावर मात्र सायकल कुचकामी. ती गोदौलिया चौकाकडेच कुठेतरी लावायची आणि पायी खाली यायचं. नावेतून पाहिलं तर वरचा दगडी वाडा आणि शेजारच्या दरभंगा घाटावरचा महाल किल्ल्यासारखेच भासतात. फरक पायथ्याशी आहे. किल्ल्याचा पायथा माणसाला थोपवतो. इथल्या पायऱ्या थकल्या म्हातारीलाही थेट गंगेत उतरवतात. या दगडांना झुंजायचं असतं ते पावसाळ्यातल्या पुराशी.

ज्यांच्या नावाचा हा घाट, त्या अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ माळव्यावर राज्य केलं. काशीवर त्यांचा अंमल कधीच नव्हता. १७७५ नंतर तर ती इंग्रजांच्या कंपनीच्या ताब्यात होती. तरी त्यांनी खासगीतला पैसा इथे ओतला, विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं. जिथून एका पैशाचा महसूल यायचा नाही तिथे एवढं बांधकाम! शियाँच्या सरदारांना हा हिशेब वेड्यासारखा वाटला असता. अहिल्याबाईंना गडकोटांचं वावडं होतं असं मात्र नव्हे. महेश्वरला त्या किल्ल्यातच राहत. तिथे तटाखालीच नर्मदेचा घाट आहे.

काशीतही खरा किल्ला आहे, चेतसिंह घाटावर. १७८१ मध्ये कंपनीच्या वॉरन हेस्टिंग्जने काशीचा राजा चेतसिंह याला तिथेच कैद केलं, आणि राजा पागोट्यांचा दोर करून खिडकीतून नदीकडे निसटला. तटबंदी शेवटी धन्यालाच अडवत होती.

आपण मराठी माणसं गड म्हटला की हळवे होतो, त्याच्या पडक्या चिऱ्याचंही कौतुक करतो. काशीत मात्र संध्याकाळची आरती पाहायची, पेढे घ्यायचे आणि गाडी गाठायची. त्याच मराठेशाहीने इथे ओतलेला दगड आरतीमागचा पडदा होऊन राहतो. ही उपेक्षा मला खटकते. पुढच्या खेपेला एक सकाळ राखून ठेवा. अहिल्याबाई घाटावरून प्रवाहाच्या दिशेने चालत निघा. मणिकर्णिकेच्या पुढे शिंद्यांचा घाट लागेल, मग नागपूरकर भोसल्यांचा. पावसाळ्यात जाऊ नका, पायऱ्या पाण्याखाली असतात.