एकाच चित्राच्या अनेक प्रती

शिर्डीत समाधी मंदिराच्या आसपासच्या दुकानांत साईबाबांच्या छापील तसबिरींची इतकी दाटी असते की चित्र म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहतच नाही. जुन्या छपाईच्या संग्राहकाला हवा असतो तो रविवर्मा छापखान्याचा ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखा दिसणारा रंगीत छाप. हा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि 1972 च्या आगीत संपला. त्याची प्रत मिळणे भाग्याचेच. पण दुर्मीळ तेवढेच मोलाचे, हा हिशेब शिर्डीच्या चित्रांना लावणे मला साफ चुकीचे वाटते.

बाबांची छायाचित्रे मोजकीच, तीही कृष्णधवल. शिळेवर पायावर पाय टाकून बसलेले बाबा घराघरांत रंगीत दिसतात. ते रंग छापखान्यांच्या चित्रकारांनी दिले. कफनी कुठे शुभ्र, कुठे भगवी. डोळ्यांची छटा, मागचे तेजोवलय प्रत्येकाचे वेगळे. त्यात चित्रकार शामराव जयकरांच्या तैलचित्राची भर पडली, मग 1954 मध्ये बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती समाधी मंदिरात बसली. कागदावर ती मूर्ती दिसली की तो कागद 1954 नंतरचा, एवढे कुणीही सांगेल. त्याआधीच्या चित्रांचा क्रम लावायचा तर एक सुरेख प्रत पुरत नाही. एकाच चित्राच्या अनेक प्रती शेजारी मांडाव्या लागतात, आणि संग्राहक तर ‘ही आहे माझ्याकडे’ म्हणून नेमक्या त्याच परत करतो.

एखादे जुने कॅलेंडर निरखून पाहा. वरची पत्र्याची पट्टी गंजलेली. लाल रंग रेषेबाहेर सरकल्यामुळे ओठ दुहेरी उमटलेले. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ऑफसेट, दाणेदार पोत दिसला तर बहुधा शिळाछाप. पायांशी कुंकवाचे बोट. तळाशी किराणा दुकानाचे नाव, गाव आणि तीन आकडी फोन नंबर. विकणारे हा तळच कापून चित्र फ्रेममध्ये घालतात, याचा मला संताप येतो. ते चित्र कोणत्या गावात पोचले होते, याचा पुरावा त्या पट्टीवरच असतो.

देवाची जीर्ण तसबीर जपायची नसते, विसर्जित करायची असते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या भावनेचा मला आदर आहे. पण साईसच्चरिताच्या 40 आणि 41 व्या अध्यायांत ग्रंथकर्ते दाभोळकर एका तसबिरीची हकिकत सांगतात. मुंबईच्या रस्त्यावर फेरीवाल्याकडून घेतलेली ती तसबीर अली महंमद नावाच्या गृहस्थांच्या घरी भिंतीवर होती. इतर संतांच्या तसबिरी पाण्यात सोडल्या गेल्या. ही एकटी मागे राहिली आणि 1917 च्या होळीला दाभोळकरांच्या घरी आली. रस्त्यावरच्या विकत्या चित्राला त्यांनी ग्रंथात दोन अध्यायांत जागा दिली.

दीक्षित वाड्यातल्या संग्रहालयात बाबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. लोकांनी ज्यांतून बाबांना पाहिले त्या कागदांसाठीही शिर्डीत एक खोली हवी. त्यासाठी लिलावात बोली लावायची गरज नाही. दिवाळीच्या साफसफाईत भिंतीवरून उतरणारी चित्रे मागून घ्यावीत, तळाची पट्टी न कापता, कुंकू न पुसता. आणि मागे पेन्सिलीने घराचे गाव, देवघर की दुकान, आणि चित्र साधारण कधीपासून तिथे होते, एवढे लिहून ठेवावे.