ओल किती, पाळी कधी

पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी फोनवर पहिला मेसेज देवाचा येतो आणि दुसरा उजनीचा. दौंडचा विसर्ग किती, धरण किती टक्के, काल किती होतं. उजनी मायनसमध्ये आहे की प्लसमध्ये, हे इंदापूर तालुक्यातलं शाळकरी पोरही सांगतं. धरण ११७ टीएमसीचं, पण त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. पाणी त्याच्या वर आलं की प्लस, खाली गेलं की मायनस. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. धरणाच्या साठ्याचा आकडा आता रोज घरी चालत येतो आणि माणसं त्यावर लागणीचा हिशोब मांडतात. पूर्वी तो पेपरात छापून आला तर कळायचा, नाहीतर एखाद्या साहेबाच्या तोंडून. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. माहिती हातात आली की माणूस विनवणी कमी करतो आणि प्रश्न जास्त विचारतो.

बारामतीत तर गोष्ट बरीच पुढे गेली आहे. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. सोबत मायक्रोसॉफ्ट आहे, ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक आहेत. २०२४ मध्ये सुमारे हजार शेतकऱ्यांपासून सुरुवात झाली. जमिनीत सेन्सर, शिवारात हवामान केंद्र, वरून उपग्रहाची छायाचित्रं. मुळाशी ओल किती, आज पाणी द्यावं की थांबावं, रोगाला पोषक हवा आहे का, हे सगळं मोबाईलवर मराठीत येतं. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी या प्रयोगाबद्दल जगाला सांगितलं, तेव्हा इकडच्या चहाच्या टपऱ्यांवर आठवडाभर तोच विषय होता. काहींना अभिमान वाटला. काही जुनी माणसं म्हणाली, आता कॉम्प्युटर आपल्याला शेती शिकवणार.

शिकवू दे. मी त्यात कमीपणा मानत नाही. ऊस म्हणजे पाणी, जितकं द्याल तितका तो वाढतो, या समजुतीनं नीरेच्या पट्ट्यातली कितीतरी काळी रानं क्षारपड झाली. वापसा आहे की नाही हे माती मुठीत दाबून ओळखणारे शेतकरी होते, अजूनही आहेत, पण प्रत्येक घरात तो हात उरलेला नाही. पोरगं चाकणला किंवा पुण्याला कंपनीत आणि शेत वाट्यानं दिलेलं, अशा घरात सेन्सरनं वापसा सांगितला तर त्यात वाईट काय? मोटारीला मोबाईल स्टार्टर आला तेव्हाही असंच बोललं गेलं होतं. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. साप, आणि अलीकडे बिबट्या, यांच्या भीतीत अंधारात विहिरीवर जाणाऱ्या माणसाला घरातून मोटार चालू करता आली, याचं मोल त्याच्या बायकोला विचारा. ई-पीक पाहणीनं शेतकऱ्याच्या हाती स्वतःच्या पिकाची नोंद दिली, सातबारा घरी बसून बघता यायला लागला. रेंज नसली की त्रास होतो, म्हाताऱ्या माणसाला फोटो काढायला नातवाची मदत लागते, हे खरं. तरीही मी या सगळ्याच्या बाजूचा आहे.

माझं म्हणणं आहे ते पुढचं. मुळाशी ओल किती हे फोन सांगतो, पण पाटाची पाळी कधी येणार आणि आली तर चारीत किती पाणी येणार, हे सांगणारं काही माझ्या हातात नाही. आणि कालव्यावरच्या शेतकऱ्याचं वर्ष त्यावरच ठरतं. सेन्सरनं आज पाणी द्या म्हणून सांगितलं आणि चारी कोरडी असली, तर त्या सल्ल्याचं काय करायचं?

नीरा डावा कालवा हा काही कालपरवाचा नाही. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी तो काढला, १८८५ च्या सुमारास पाणी वाहायला लागलं. नीरा, सोमेश्वरनगर, माळेगाव, बारामती करत तो इंदापूर तालुक्यात उतरतो. सुमारे दीडशे किलोमीटरची ही वाट. वरच्या माणसानं दार थोडं जास्त वेळ उघडं ठेवलं की खालच्याच्या वाट्याचं पाणी गेलं. हा तंटाही कालव्याइतकाच जुना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते. त्यांनी या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत आखली. थोड्या गावांत ऊसच ऊस करून रानं पाणथळ करण्यापेक्षा पाणी अनेक गावांत विभागायचं, प्रत्येक ब्लॉकमध्ये ठरावीक हिस्सा उसाचा, बाकी कमी पाण्याच्या पिकांचा, आणि पिकं फिरती ठेवायची. मला ही आखणी त्यांच्या धरणांइतकीच मोठी वाटते. तीत लोखंड नव्हतं, सिमेंट नव्हतं. पाणी कुणाला, किती आणि केव्हा, हे आधी लिहून ठेवणं हेच तिचं तंत्रज्ञान होतं.

आज आवर्तन कधी सोडायचं ते कालवा सल्लागार समिती ठरवते. बैठकीत मंत्री असतात, आमदार असतात, अधिकारी असतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते की अमुक तारखेपासून आवर्तन. माझ्या चारीला ते कोणत्या दिवशी, किती तास, किती क्युसेक, हे त्या बातमीत नसतं. ते पाटकऱ्याला विचारायचं, त्यानं वर विचारायचं. मधल्या काळात वर कुणाचं दार किती उघडं होतं याचा पत्ता लागत नाही. मी कालव्याच्या टेलकडच्या गावातला असल्यामुळं हे जास्त बोचत असेल. पण वरच्या गावातला शेतकरी चोर आहे असं मी म्हणत नाही. पुढची पाळी येईल याची खात्री नसेल तर हातात आलेलं पाणी कोण सोडेल? खात्री असती तर तोही निम्म्यावर थांबला असता.

वरच्या पातळीवरही तेच चालतं. जून २०१९ मध्ये नीरा देवघर धरणाचं डाव्या कालव्याला मिळणारं जादा पाणी सरकारनं बंद केलं. सरकार बदललं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये वाटपाचं नवं सूत्र येऊन ते पुन्हा मिळू लागलं. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी द्यायचं ठरलं, सोलापूर जिल्ह्यात आंदोलनं झाली आणि मे महिन्यात तो आदेश रद्द झाला. दोन वर्षांत चारदा चित्र पालटलं. नद्या त्याच होत्या, धरणं तीच होती. सोलापूरकरांचा राग मला कळतो. उजनीच्या टेलवर तेही आमच्यासारखेच बसले आहेत. मला खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. या सगळ्या भांडणात कुठल्याही बाजूच्या साध्या शेतकऱ्याच्या हातात तपासून बघता येईल असा आकडा नव्हता. आपला नेता सांगेल ते खरं, एवढंच प्रत्येकाकडे होतं.

२०२४ च्या लोकसभेला बारामती मतदारसंघात नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या. सगळा देश बघत होता. आमच्याकडे एकाच वाड्यात थोरल्याकडे तुतारी आणि धाकट्याकडे घड्याळ असं झालं, लग्नाच्या पंगतीतही माणसं जागा बघून बसायला लागली. त्याच वर्षी विधानसभेला बारामतीत काका-पुतण्याची लढत झाली. इंदापुरात २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तिन्ही निवडणुकांत दत्तात्रय भरणे आणि हर्षवर्धन पाटील समोरासमोर होते, तिन्ही वेळा भरणे निवडून आले. बावीस गावांच्या पाण्याचा प्रश्न हे शब्द आम्ही इतकी वर्षं ऐकतोय, की ते तालुक्याच्या नावासारखे झाले आहेत. मला राजकारणाचा तिटकारा नाही. राजकारण नसतं तर हे कारखाने, ही कॉलेजं यातलं अर्धंही इथं झालं नसतं. पण नेता दहाव्याला येऊन गेला की आम्ही समाधान मानतो. त्याला त्याच ओट्यावर चारीचं वेळापत्रक विचारणं आम्हाला वाईट दिसतं. दुःखाच्या घरी कशाला, असं म्हणतो. मग सुखाच्या घरी तरी विचारावं! वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटो छापणाऱ्या पोरांनी तरी विचारावं.

ऊसतोडीचंही तसंच आहे. उपग्रहावरून उसाची पक्वता समजते, कोणत्या प्लॉटमध्ये साखर भरली ते दिसतं, त्याप्रमाणे तोड लावली तर उताराही वाढेल. हे बारामतीच्या प्रयोगातलं मला सर्वांत आवडलेलं. आडसाली लागणीचा ऊस रानात उभा वाळत असताना शेजारच्या कोवळ्या प्लॉटमध्ये टोळी उतरलेली बघणं काय असतं, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. मुकादमाला फोन, चिटबॉयला फोन, टोळीला खुशाली. उद्या यंत्र सांगेल की आधी याचा ऊस तोडा. ते ऐकलं जाईल की नाही, हे कारखान्याच्या सभासदांना ठरवावं लागेल. तोडीचा क्रम गटऑफिसच्या भिंतीवर लागला आणि फोनवर आला, तरच त्या उपग्रहाचा उपयोग.

पोरं शेतीत राहत नाहीत, मुली शेतकरी नवरा नको म्हणतात, यावर गावात फार बोललं जातं. त्यात मुलींना दोष देणारे जास्त. मला मुलींचं बरोबर वाटतं. ज्या धंद्यात पुढच्या महिन्यात पाणी मिळेल का, ऊस कधी जाईल, पैसे कधी येतील, यातलं एकही नक्की सांगता येत नाही, त्यात कुणी जन्म का घालावा? पुण्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या पोराला निदान पगाराची तारीख ठाऊक असते. गावात राहणं सुखाचं आहे, हवा आहे, दूधदुभतं आहे, अडीनडीला धावणारी माणसं आहेत. त्याला तारखांची जोड द्या, पोरं परत येतील. काही आलीही आहेत. ठिबकवर केळी, पेरू, डाळिंब करणारी तिशीतली पोरं आमच्या तालुक्यात आहेत. आम्हाला जे येत नाही ते सगळं ती फोनवर करतात.

२००५ च्या कायद्यानं पाणी वापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं ठरवलं आहे, घनमापन पद्धतीनं. वीस वर्षं झाली. मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर सामान्य शेतकऱ्याच्या रानात पोचला, तर प्रत्येक चारीच्या तोंडाशी पाणी मोजणारा सेन्सर बसवणं अवघड नाही. त्याचा आकडा सगळ्यांना दिसावा, वरच्या गावाला आमचा, आम्हाला त्यांचा. आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेत याची सुरुवात म्हणून एक ठराव मांडायचा आम्ही काही जणांनी ठरवलं आहे. रब्बीच्या आवर्तनाची बैठक होईल तेव्हा चारीनिहाय तारखा, तास आणि क्युसेक त्याच दिवशी जाहीर करा, एवढंच त्यात लिहिलंय. पाणी कमी असेल तर तेही लिहा. मी ऊस न लावता ज्वारी-हरभरा करीन, पण ते मला पेरणीच्या आधी कळलं पाहिजे.